पदरच्या वाक्यांचा राजा

ॲडिशन घेणाऱ्या, म्हणजे संहितेत नसलेली वाक्यं पदरची घालणाऱ्या नटांवर माझा पहिल्यापासून राग आहे. मी विंगेत संहिता मांडीवर घेऊन बसणारी प्रॉम्प्टर. लेखकानं लिहिलेलं वाक्य, त्यावर येणारा हशा, तो हशा ओसरता ओसरता समोरच्यानं उचलायचं पुढचं वाक्य, हे सगळं माझ्या पेन्सिलीच्या खुणांनी बांधलेलं असतं. मध्येच एखाद्याला सुचतं. आदल्या रात्री टीव्हीवर पाहिलेल्या पुढाऱ्याची नक्कल तो करतो, पहिल्या रांगेतल्या गृहस्थांना कोपरखळी मारतो. लोक हसतात, टाळी पडते. पण समोरच्या मुलीचं क्यूचं वाक्य गेलेलं असतं, ती डोळ्यांनी माझ्याकडे मदत मागत असते, अंक सात-आठ मिनिटं लांबतो, आणि नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी पुढच्या नाटकाचा टेम्पो सेट घेऊन उभा असतो. मॅनेजरची बोलणी शेवटी आम्ही खातो, तो नट नाही.

अशा बाईनं झोरान राद्मिलोविचवर लेख लिहावा हे आमच्या कंपनीतल्या मंडळींना गमतीचं वाटतं. कारण हा सर्बियन नट म्हणजे ॲडिशनचा महामेरू. त्याची दोन गाजलेली नाटकं मूळ लिखाणाच्या कितीतरी बाहेर वाढली. प्रेक्षक एकच नाटक पुन्हा पुन्हा पाहायला यायचे, कारण कालचा प्रयोग आज दिसणार नाही याची त्यांना खात्री असायची. तरी मी लिहिते आहे. आमच्याकडे जे बहुतेक वेळा नुसतं चाळे करणं असतं, ते या माणसाच्या हातात इतकं पक्कं झालं की त्यामागचे नियम दिसायला लागतात. आणि नियम दिसले की प्रॉम्प्टर खूश.

न्यायालयाऐवजी नाट्यगृह

राद्मिलोविचचा जन्म ११ मे १९३३चा, पूर्व सर्बियातल्या झायेचार गावचा. बल्गेरियाची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर. काळा तिमोक आणि पांढरा तिमोक अशा दोन नद्या या गावाशी मिळतात. जवळच गाम्झिग्रादला रोमन सम्राट गॅलेरियसच्या राजवाड्याचे अवशेष आहेत. अशा सरहद्दीवरच्या गावातून शिकायला बेलग्रेडला आलेला हा मुलगा सरळ नाटकात शिरला नाही. कायदा करून पाहिला, वास्तुकला करून पाहिली. दोन्हीकडे मन रमलं नाही. विद्यार्थ्यांच्या हौशी नाटकमंडळीत मात्र तो रमला आणि अखेर नाट्यकलेच्या अकादमीत दाखल झाला. आपल्याकडेही अभियांत्रिकीच्या वर्गातून एकांकिका स्पर्धेत गेलेली आणि परत न आलेली मुलं काही कमी नाहीत.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो बेलग्रेड ड्रामा थिएटरमध्ये लागला. तिथं ‘लागला’ हाच शब्द बरोबर आहे, कारण ती नोकरी असते. सर्बिया तेव्हा युगोस्लाव्हियात होता, आणि युरोपातल्या बऱ्याच देशांसारखं तिथंही नाट्यगृह म्हणजे नुसता भाड्यानं मिळणारा हॉल नव्हता. नाट्यगृहाची स्वतःची इमारत, पगारी नटसंच, स्वतःचे शिंपी, सुतार, प्रकाशयोजनाकार आणि प्रॉम्प्टरसुद्धा. एका वेळी दहा-बारा नाटकं हाताशी तयार ठेवायची आणि महिनाभर आलटून पालटून लावायची. ही व्यवस्था नीट लक्षात ठेवा. राद्मिलोविचचं सगळं कोडं तिथंच सुटतं.

२१२ खुर्च्या

तो ज्या घरात मोठा झाला त्या नाट्यगृहाचं नाव आतेल्ये २१२. १९५६मध्ये ‘बोर्बा’ या वर्तमानपत्राच्या इमारतीतल्या एका छोट्या सभागृहात ते सुरू झालं. खुर्च्या २१२, म्हणून नाव तेच. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये या छोट्या जागेत सॅम्युएल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ झालं. समाजवादी राजवटीच्या देशात तेव्हा ते नाटक करणं ही सोपी गोष्ट नव्हती. १९४८मध्ये स्टालिनशी फारकत घेतल्यापासून युगोस्लाव्हिया ना इकडचा ना तिकडचा असा वेगळ्या वाटेनं चालला होता. अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१मध्ये बेलग्रेडलाच भरली आणि नेहरू तिला हजर होते, हे आपल्याकडे शाळेतल्या इतिहासात असतं. त्याच मोकळीकीचा एक कवडसा रंगभूमीवर पडला होता. एकपक्षीय राजवट होतीच, पण पॅरिस-लंडनची नवी नाटकं बेलग्रेडला लवकर पोहोचत.

१९६४मध्ये आतेल्ये नव्या इमारतीत आलं. मीरा त्राइलोविच ही बाई तिथली कर्तीधर्ती. १९६७मध्ये तिनं योवान चिरिलोव यांच्या साथीनं ‘बितेफ’ हा आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव उभा केला. पोलंडचा ग्रोटोव्स्की, अमेरिकेचं लिव्हिंग थिएटर अशी नव्या रंगभूमीची बडी मंडळी पहिल्याच वर्षी आली, आणि त्याच महोत्सवात केरळचं कथकलीही सादर झालं. १९६९मध्ये तिनं ‘हेअर’ हे अमेरिकन रॉक संगीत नाटक बेलग्रेडच्या रंगमंचावर आणलं. नाट्यगृहाच्या उपाहारगृहात नट, लेखक, पत्रकार रात्री उशिरापर्यंत बसत. नाटकाइतकीच त्या टेबलांची ख्याती होती.

राद्मिलोविच १९६८मध्ये या घरात कायमचा दाखल झाला. पण त्याची तिथली पहिली मोठी भूमिका आधीच गाजू लागली होती.

राजा उबू

आल्फ्रेड जारी या फ्रेंच लेखकाचं ‘उबू रुआ’ १० डिसेंबर १८९६ रोजी पॅरिसला रंगमंचावर आलं, तेव्हा पहिल्याच शब्दाला प्रेक्षागृहात दंगा झाला. शाळकरी पोरांनी आपल्या पदार्थविज्ञानाच्या मास्तरांची टिंगल करायला रचलेल्या फार्सातून ते उगवलं होतं. उबू नावाचा ढेरपोट्या, हावरट, भित्रा माणूस बायकोच्या नादानं पोलंडच्या राजाला मारतो, गादीवर बसतो, सरदारांना सापळ्याच्या दारातून खाली ढकलून त्यांची संपत्ती लाटतो, घरोघर जाऊन स्वतः करवसुली करतो आणि युद्ध आलं की पळ काढतो. सत्ता आणि पोट यांत फरक न करणारा राजा.

१९६४मध्ये ल्युबोमिर द्राश्किच या तरुण दिग्दर्शकानं आतेल्येत हे नाटक केलं आणि उबू झाला राद्मिलोविच. सर्बियन उच्चारात ‘क्राल्य इबी’. ही भूमिका त्यानं पुढं जवळपास वीस वर्षं केली. १९६८मध्ये आतेल्येची मंडळी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला गेली, तेव्हा नेलेल्या नाटकांत हेही होतं.

माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की उबू ही ॲडिशनला आयतं आमंत्रण देणारी भूमिका आहे. या राजाला कुणी अडवू शकत नाही. त्याला वाटेल तेव्हा वाटेल ते बोलायचा अधिकार आहे. त्यामुळे संध्याकाळच्या बातम्यांत आलेलं काही, उशिरा आलेला प्रेक्षक, कुणाचा तरी खोकला, यातलं काहीही राद्मिलोविचनं पकडलं तरी ते नटानं केलेलं आगाऊपण ठरत नसे. राजालाच ते सुचलेलं असे. आणि जिथं राजकीय विनोद सांगताना माणूस आधी आजूबाजूला बघे, तिथं एका फ्रेंच फार्सातला पोलंडचा राजा चालू घडामोडींवर बोलला, तर त्याला पकडणार कसं? तो तर वेडगळ राजा. शिवाय एकोणिसाव्या शतकातला, आणि परदेशी.

आपल्याकडे ही सूट लोकनाट्याला पिढ्यानपिढ्या होती. तमाशातल्या बतावणीत पाठ केलेलं किती आणि जागेवर सुचलेलं किती, हे सांगणं कठीण. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके रोजच्या बातम्या ओवत ते याच परंपरेतून. बेलग्रेडमध्ये तसं नव्हतं. आतेल्ये हे शहरी, प्रयोगशील, बौद्धिक नाटकांचं घर. तिथं लेखकाच्या शब्दाला मान होता. अशा घरात राद्मिलोविचनं बतावणीतल्यासारखी मोकळीक मिळवली, हे जास्त अवघड काम.

तिसरा रादोवान

१९७३ साली आतेल्येत एका पंचविशीतल्या लेखकाची दोन नाटकं आली. दुशान कोवाचेविच त्याचं नाव. फिल्म सोसायटीत जाणाऱ्या वाचकांना तो एमीर कुस्तुरित्साच्या ‘अंडरग्राउंड’मुळे माहीत असेल. १९९५मध्ये कान महोत्सवात सुवर्णपाम मिळवणाऱ्या त्या चित्रपटाचं लेखन याच माणसाचं. त्याचं पहिलं नाटक ‘मॅरेथॉन धावणारे मानाची फेरी मारतात’, तिरड्या-शवपेट्यांचा धंदा करणाऱ्या घराण्याची कथा. दुसरं ‘रादोवान तिसरा’. दोन्हींचं दिग्दर्शन द्राश्किचचंच.

रादोवान हा खेड्यातून शहरात आलेला बाप. गाव सुटलं आहे, पण गावचं वैर त्यानं सोबत आणलं आहे. शेजारच्या उंच इमारतीतलं विलोतिच घराणं हे त्याचं जन्माचं शत्रू. थोरली मुलगी गरोदर आहे, बाळाचा बाप विलोतिचांच्या घरातला, म्हणून बापाचा राग निवळेपर्यंत बाळंत व्हायचं नाही असा घरात हुकूम आहे, आणि ती बिचारी वर्षानुवर्षं गरोदरच आहे. धाकटीला त्यानं मुलासारखं वाढवलंय, कारण वैऱ्यांशी मारामारी करायला घरात पुरुष हवा. बायको या सगळ्यात जीव मुठीत धरून वावरते. आणि या घरधन्याला खरी काळजी कसली, तर टीव्हीवरच्या परदेशी मालिकेतल्या जॉर्जची. घरात आग लागली तरी चालेल, जॉर्जचं पुढं काय झालं ते कळलं पाहिजे.

१९७३मध्ये हे लिहिलं गेलं, हे आज वाचताना दचकायला होतं. मालिका चालू असताना घरात कुणी हूं की चूं करायचं नाही, हे वातावरण आपल्याकडे यायला त्यानंतर आणखी दहा-बारा वर्षं लागली. पण मालिकेची थट्टा हा नाटकाचा फक्त वरचा थर. खाली आहे ती घरातली हुकूमशाही. शहरानं ज्याला कवडीची किंमत दिली नाही, असा माणूस स्वतःच्या दोन-तीन खोल्यांत सम्राट बनतो. नावामागं ‘तिसरा’ लावतो, राजघराण्यात लावतात तसं.

राद्मिलोविचनं हा सम्राट २९९ वेळा रंगवला. तीनशेला एक कमी.

२९९ या आकड्याचा अर्थ

आमच्या व्यवसायात २९९ प्रयोग म्हणजे चांगलं चाललेलं नाटक, पण अचंबा वाटावा असं नाही. शनिवारी दोन, रविवारी तीन, मध्ये एखादा दौरा, असं करत चालत्या नाटकाचे इतके प्रयोग दीड-दोन वर्षांत होऊन जातात. राद्मिलोविचला त्यासाठी १९७३ ते १९८५ लागली. वर्षाला सरासरी पंचवीस-सव्वीस प्रयोग. महिन्याला दोन.

इथं त्या पगारी नटसंचाची गोष्ट कामाला येते. आमचा नट एकाच आठवड्यात तेच वाक्य पाच वेळा बोलतो. त्याला कंटाळा येतो आणि कंटाळ्यातून तो ॲडिशन घेतो. तशी ॲडिशन ओळखू येते. ती नटाच्या स्वतःच्या करमणुकीसाठी असते. राद्मिलोविचला पुढच्या प्रयोगापर्यंत दोन आठवडे मिळत. मधल्या दिवसांत तो दुसरं काहीतरी करत असे, आणि रादोवान आत कुठंतरी मुरत राहत असे. परत आला की पंधरा दिवसांचं जग पाहून आलेला. समोर तेच सहकलाकार, पायाखाली तोच रंगमंच, मागं तेच तंत्रज्ञ. दाराशी कुणाचा टेम्पो उभा नाही. प्रयोग अर्ध्या तासानं लांबला तर लांबला, इमारत आपलीच. दारूसारखं नाटक मुरायला असं तळघर लागतं.

प्रेक्षकही तेच. बेलग्रेडमध्ये ‘रादोवान’ अनेकदा पाहिलेली माणसं असत. त्यांना गोष्ट तोंडपाठ. त्यामुळे नव्या वाक्याला येणारा हशा हा जाणकारांचा हशा असे. कुठं लेखक संपला आणि कुठं झोरान सुरू झाला हे त्यांना नेमकं कळे. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या बैठकीत तीच बंदिश आज गायक कुठून उचलतो हे बघायला दर्दी जमत, त्या जातीचं हे ऐकणं.

त्याच्याकडे बघू नका

टेलिव्हिजन बेलग्रेडनं १९८३मध्ये ‘रादोवान तिसरा’चं प्रेक्षकांसह चित्रीकरण केलं. दहा वर्षं मुरलेला प्रयोग कॅमेऱ्यात आला. तो आज सहज मिळतो. मला सर्बियन येत नाही. मी खालच्या इंग्रजी ओळींवर पाहिलं, आणि एकदा तर आवाज बंद करून, कारण मला हालचालींची टाचणं करायची होती.

आधी तो स्वतः. झुबकेदार खाली उतरलेली मिशी, जड पापण्या, तंबाखूनं खरवडल्यासारखा आवाज. चेहऱ्यावर विनोद करतोय असा भाव कुठंही नाही. हशा आला की तो त्याच्यावर स्वार होत नाही, वैतागतो. एवढ्या गंभीर घरगुती प्रश्नात हे लोक का हसताहेत, असा तो वैताग. बोलता बोलता एखाद्या शब्दावर अडतो, तोच शब्द पुन्हा घेतो, तिसऱ्यांदा घेतो, आणि दर वेळी त्याचा राग वाढतो. आवाज चढवून हशा मिळवणारे नट मी भरपूर पाहिलेत. हा आवाज खाली आणून, पुटपुटून मिळवतो. पुटपुटणं शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायला काय तयारी लागते ते विंगेत बसणाऱ्यांना विचारा.

मग त्याच्यावरून नजर काढा आणि बाकीच्यांकडे बघा. तो सुटला की बाकीचे थांबतात. कधी परत येईल सांगता येत नाही. कुणी मान खाली घालतं, कुणी पाठ वळवतं, कुणाच्या खांद्यांना हसू आवरताना कंप सुटतो. एरवी मी याला बेशिस्त म्हटलं असतं. पण इथं काय चाललंय बघा. नाटकातलं कुटुंब बापाच्या तोंडाकडे बघत, त्याचं बोलणं संपायची वाट बघत, तोंडातून अवाक्षर न काढता उभं आहे. आणि सहकलाकार राद्मिलोविचच्या तोंडाकडे बघत, त्याचं बोलणं संपायची वाट बघत, अवाक्षर न काढता उभे आहेत. दोन्ही एकच. बापाच्या मर्जीवर टांगलेलं घर अभिनयानं दाखवावं लागत नाही, ते रंगमंचावर खरोखरच घडतं. त्या नटांना पुढं काय होणार हे खरंच माहीत नाही.

नियम सापडतो तो इथं. पदरचं वाक्य कुणाचं आहे, नटाचं की पात्राचं? उबूला आणि रादोवानला आपल्या बोलण्याला मर्यादा असते हेच माहीत नाही. त्यांनी लेखकाला ओलांडणं हा त्यांचा स्वभाव आहे. कोवाचेविचनं लिहिलेला रादोवान संहितेत मावतो, पण संहितेत न मावणं हेच त्याचं खरं रूप. राद्मिलोविचनं ते ओळखलं. हाच नट चेकॉव्हच्या एखाद्या दबलेल्या, आतल्या आत कुढणाऱ्या माणसाला असा मोकाट सोडता, तर नाटक पहिल्या अंकात कोसळलं असतं.

दिग्दर्शक द्राश्किचचं श्रेयही इथंच द्यायला हवं. नट मोकळा सुटला की दिग्दर्शकाचा अहंकार आधी दुखावतो. द्राश्किचनं १९६४ आणि १९७३, दोन्ही वेळा दरवाजा उघडा ठेवला आणि नटाला आत येऊ दिलं. लेखकानंही आपल्या शब्दांसाठी दावा ठोकला नाही. नट, दिग्दर्शक आणि लेखक अशा तिघांच्या संमतीनं झालेली ही चोरी आहे.

भिंत फोडून पडद्यावर

चित्रपटांत राद्मिलोविच वेगळा दिसतो, कारण कॅमेऱ्यापुढं वेळ मोजलेला असतो आणि हशा ऐकू येत नाही. तरी दोन कामं विसरता येत नाहीत.

१९७१मध्ये दुशान माकावेयेवनं ‘डब्ल्यू. आर. – मिस्टरीज ऑफ द ऑर्गनिझम’ केला. लैंगिक स्वातंत्र्य आणि साम्यवाद यांची खिचडी करणारा, कानला गाजलेला आणि मायदेशात अनेक वर्षं दडपून ठेवलेला हा चित्रपट. त्यातल्या त्याच्या पात्राचं नावच राद्मिलोविच. नायिकेचा हा जुना प्रियकर, कामगार, दार ठोठावत बसत नाही. तिच्या घराची भिंत फोडून आत येतो आणि तिच्या रशियन पाहुण्याला, म्हणजे व्लादिमिर इलिच असं लेनिनचं नाव धारण केलेल्या आइस-स्केटिंगच्या हिरोला, कपाटात कोंडून बाहेरून खिळे ठोकतो. संवाद थोडा, धडाका जास्त. पण युगोस्लाव्हियानं रशियाशी काय केलं याचा सगळा इतिहास त्या हातोडीत आहे.

दुसरं काम सर्बियात लहान पोरांनाही माहीत आहे. कोवाचेविचच्या त्याच पहिल्या नाटकावर स्लोबोदान शियाननं १९८२मध्ये चित्रपट केला. काळ १९३४-३५चा, सुरुवातीलाच मार्सेयला राजा अलेक्झांडरची हत्या झाल्याची जुनी खरी फीत. तोपालोविच घराण्यातले म्हातारे एकमेकांच्या मरणाची वाट बघत शवपेट्यांचा धंदा करतात. पेट्या येतात कुठून? बिली पितोन नावाचा गुंड रात्री थडगी उकरून काढतो, तोच माल पुन्हा बाजारात. उधारी थकली की पितोन दाराशी उभा. दानिलो ‘बाता’ स्तोय्कोविच, पाव्ले वुइसिच, मिया अलेक्सिच, बोरा तोदोरोविच, येलिसावेता साब्लिच, बोगदान दिक्लिच असा संच समोर असताना राद्मिलोविचचा पितोन कुणाच्या अंगावर धावून जात नाही. तो रुबाबात येतो, सज्जनासारखं बोलतो, आणि त्यामुळंच जास्त धोकादायक वाटतो. कफनचोरासारख्या माणसाला व्यापाऱ्याची प्रतिष्ठा देणं ही त्याची युक्ती. या चित्रपटातली वाक्यं सर्बियात रोजच्या बोलण्यात आहेत, आपल्याकडे ‘अशी ही बनवाबनवी’तली आहेत तशी.

मिशीचा सन्मान

२१ जुलै १९८५ला बेलग्रेडमध्ये तो गेला. वय ५२. तब्येत उतरत गेली तरी रंगमंच सोडला नव्हता. ‘रादोवान’ २९९वर थांबलं. नाटक पुढं इतरांनी इतरत्र केलं, करतात, पण त्या प्रत्येक नटाला पहिला अर्धा तास प्रेक्षकांच्या डोक्यातल्या झोरानशीच भांडावं लागतं.

त्याच्या गावानं त्याची आठवण त्याला शोभेल अशीच ठेवली आहे. झायेचारच्या नाट्यगृहाला त्याचं नाव आहे. १९९२पासून तिथं ‘झोरान राद्मिलोविच दिवस’ हा नाट्यमहोत्सव भरतो, आणि उत्तम नटाला मिळणाऱ्या पारितोषिकाचं नाव ‘झोरानची मिशी’. गंभीर चेहऱ्यानं, टाळ्यांच्या गजरात, सत्काराला मिशी स्वीकारायची. नोवी सादच्या स्तेरिया महोत्सवात, जो सर्बियन नाटकांचा सगळ्यात मानाचा मेळावा, अभिनयातल्या झळाळीसाठी त्याच्या नावानं पारितोषिक देतात. आणि आतेल्ये २१२च्या समोर त्याचा पुतळा आहे.

ज्यांना पाहायचं आहे त्यांनी आधी शियानचा चित्रपट पाहावा. गोष्ट आहे, वेग आहे, एकट्या नटावर सगळा भार नाही. मग ‘रादोवान’. तो एका बैठकीत पुरा होणार नाही, अंकाअंकानं पाहावा. पहिल्या अंकात त्याच्याकडे बघावं, दुसऱ्यात फक्त बाकीच्यांकडे.

तालमीला येणाऱ्या नव्या मुलांना मी हे चित्रीकरण दाखवते, आणि दर वेळी त्यांच्यातला एक जण विचारतो, त्याला चाललं मग आम्हाला का नाही. त्याला मी हिशोब सांगते. एकच भूमिका बारा वर्षं, महिन्याला दोन प्रयोग, तेच साथीदार, स्वतःचं घर, ओलांडायला राजी झालेला लेखक, आणि असं पात्र की ज्याला गप्प बसताच येत नाही. यातलं तुझ्याकडे काय काय आहे ते मोज. आणि मोजून होईपर्यंत पान तेविसावं काढ, कालच्या प्रयोगात तू तिथलं लिहिलेलं वाक्यच खाल्लंस.